जखऱ्याच्या बापाचं नाव काय?

शनिवार सकाळ आहे, चहाचा दुसरा कप झालाय, बायको अजून झोपलीय (आठवा महिना, तिला झोपू द्यायचं असतं), आणि मी आठवडाभर डोक्यात घोळत असलेली गोष्ट लिहायला बसलोय. गोष्ट बायबलमधली आहे. दचकू नका, धर्मप्रचार वगैरे काही नाही. डेटाबेसचा प्रॉब्लेम आहे.

तर झालं असं. गेल्या वर्षी मी एका परदेशी पेन्शनवाल्या क्लायंटच्या डेटा क्लीनिंगवर होतो. वर्षानुवर्षांची रेकॉर्ड्स, एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन खाती. ती शोधायची आणि मर्ज करायची. नियम मी लिहिला होता: नाव सारखं, पत्ता सारखा, जन्मतारीख सारखी, तर माणूस एकच. आता जुन्या रेकॉर्ड्समध्ये बऱ्याच ठिकाणी जन्मतारीखच नव्हती. मग मी ठरवलं, जागा रिकामी असेल तर विरोध नाही असं समजायचं. म्हणजे जुळतंय असं धरून पुढे जायचं. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवंगार. रिलीज झालं, टीमने पिझ्झा खाल्ला.

एका घरात बाप आणि मुलगा दोघांचं नाव एकच होतं. तिकडे ही पद्धत आहेच. मुलाच्या रेकॉर्डला जन्मतारीख नव्हती. बाप वारला आणि माझ्या नियमाने मुलालाही सोबत पाठवून दिलं. त्याला आजारपणामुळे दरमहा काही रक्कम मिळत असे, ती तीन महिने बंद. त्याने फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने स्क्रीनवर बघून त्याला हळहळत सांगितलं, की आमच्या नोंदीप्रमाणे आपण हयात नाही आहात. बाप जाऊन चार दिवस झाले नसतील त्याच्या मनातून, आणि वर हे! ते तिकीट माझ्याकडे आलं. दुरुस्ती एका ओळीची होती. पैसेही मिळाले त्याला नंतर. पण ते तिकीट मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी कँटीनमध्ये मी तोंड पाडून बसलो होतो. आमच्या टीममधला एक मित्र नगरचा आहे, पिढीजात ख्रिस्ती, शुद्ध मराठी बायबल वाचत वाढलेला. तो म्हणाला, "अरे, एवढं काय घेऊन बसलास! जखऱ्याचं आमच्याकडे दोन हजार वर्षं झालंय हे."

"कोण जखऱ्या?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना!"

मग मी शोधत गेलो. जखऱ्या हे मूळ हिब्रू नाव, 'झखर्या'. अर्थ: देवाने आठवण ठेवली. हेच ग्रीकमधून झकारियास झालं आणि अरबीत झकरिया. बायबलमध्ये या नावाची तीसेक माणसं आहेत. तीसेक! लेवी, द्वारपाल, सरदार, वाजंत्री, कोण कोण. सगळ्यांची ओळख करून देत नाही, चार-पाच पुरेत.

एक, राजा जखऱ्या. दुसऱ्या यराबामाचा मुलगा, इसवी सनपूर्व आठव्या शतकातला. राज्य केलं सहा महिने, म्हणजे आपला प्रोबेशन पिरियड. शल्लूम नावाच्या माणसाने त्याला मारलं आणि गादी घेतली. शल्लूम टिकला एक महिना.

दोन, याजक यहोयादाचा मुलगा जखऱ्या. याची गोष्ट वाईट आहे. योवाश राजा तान्हा असताना त्याच्या आजीने राजवंशातले सगळे वारस मारायला काढले होते. यहोयादाच्या बायकोने त्याला लपवलं, आणि सहा वर्षं तो मंदिरात वाढला. मग यहोयादाने त्याला गादीवर बसवलं. पुढे यहोयादा म्हातारा होऊन वारला, राजा भरकटला, आणि यहोयादाच्या मुलाने त्याला चार शब्द सुनावले. राजाच्या हुकुमावरून त्याला मंदिराच्याच अंगणात दगडांनी ठेचून मारलं. दुसऱ्या इतिहास या पुस्तकात इथे एक बारीक गोष्ट आहे. यहोयादाने केलेला उपकार योवाशाने आठवला नाही असं तिथे म्हटलंय, आणि 'आठवणे' यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे तेच जखऱ्या या नावात आहे. ज्याच्या नावातच आठवण, तो विसरभोळ्या राजाच्या हातून मेला. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं असणार, मला तरी तसंच वाटतं.

तीन, संदेष्टा जखऱ्या. याच्या नावाचं चौदा अध्यायांचं पुस्तक आहे. इसवी सनपूर्व ५२० च्या सुमाराचा, इराणच्या दारयावेश राजाच्या काळातला. बाबिलोनच्या बंदिवासातून लोक परत आले होते आणि पडलेलं मंदिर पुन्हा बांधायचं चाललं होतं, तेव्हाचा. पूर्ण नाव: जखऱ्या, बरेख्याचा मुलगा, इद्दोचा नातू.

चार, यशयाच्या पुस्तकात एका ओळीपुरता आलेला साक्षीदार जखऱ्या. याच्या बापाचं नाव यबरेख्या. बरेख्या आणि यबरेख्या. आलं लक्षात? इथेच माझ्यातला डेटावाला ताडकन उठून बसला.

पाच, नव्या करारातला म्हातारा याजक जखऱ्या, योहानाचा बाप. त्याच्याकडे नंतर येतो.

आता बग बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू निरपराध रक्ताबद्दल बोलताना म्हणतो की हाबेलापासून ते बरेख्याचा मुलगा जखऱ्यापर्यंत, ज्याला मंदिर आणि वेदी यांच्यामध्ये मारलं. पण मंदिरात मारला गेला तो यहोयादाचा मुलगा. बरेख्याचा मुलगा तो संदेष्टा, आणि तो असा मारला गेल्याचं जुन्या करारात कुठेही नाही. नाव जुळलं आणि दोन रेकॉर्ड्स मर्ज झाली! लूकच्या शुभवर्तमानातही हेच वाक्य आहे, पण तिथे बापाचं नावच नाही. नुसता जखऱ्या. जागा रिकामी सोडली आणि वाचला.

हा घोळ आज माझ्या लक्षात आला असं नाही, जुन्या लोकांनाही तो सलत होता. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सायनायटिकस या हस्तलिखितात मत्तयाच्या त्या ओळीतून मूळ लेखनिकाने 'बरेख्याचा मुलगा' हे शब्दच गाळलेत. जेरोम नावाचा पंडित सांगतो की नाझरेनी लोकांच्या शुभवर्तमानात तिथे 'यहोयादाचा मुलगा' असं होतं. म्हणजे कुणी पॅच मारला, कुणी ओळ कॉमेंट करून टाकली. काहींनी तर तिसराच उमेदवार आणला: इतिहासकार जोसेफस याने रोमनांशी झालेल्या युद्धाच्या काळात मंदिरातच मारला गेलेला एक जखऱ्या नोंदवलाय, आणि त्याच्या बापाचं नाव बारिस. पुन्हा 'ब'वरूनच!

आणि दुसऱ्या शतकातल्या याकोबाच्या आद्यशुभवर्तमान नावाच्या ग्रंथात तर योहानाचा बाप असलेला पाचवा जखऱ्याही हेरोदाच्या माणसांकडून मंदिरात मारला जातो. नाव जखऱ्या आहे ना, मग मंदिरात मेलाच असणार. यरुशलेममध्ये किद्रोनच्या खोऱ्यात एक कड्यातून कोरलेलं थडगं आहे, डोक्यावर पिरॅमिड असलेलं. त्याला जखऱ्याचं थडगं म्हणतात, हा यहोयादाचा मुलगा असं परंपरेत मानतात. त्याच रांगेत जवळच अबशालोमचं थडगं आहे. २००३ मध्ये त्याच्यावरचा एक पुसट ग्रीक लेख वाचला गेला, साधारण चौथ्या शतकातला, आणि त्यात लिहिलं होतं की हे योहानाच्या बापाचं, जखऱ्याचं, थडगं. एकाच खोऱ्यात, हाकेच्या अंतरावर, दोन वेगवेगळे जखऱ्या. च्यायला, डुप्लिकेट एंट्री दगडातसुद्धा!

इथपर्यंत मला मजा येत होती. मग मी पाचव्या जखऱ्याची गोष्ट नीट वाचली आणि मजा संपली.

त्याआधी आमच्या घरातलं थोडं सांगायला हवं. माझे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आता घरात बाळ येणार म्हटल्यावर आत्याने जाहीर करून टाकलं, की मुलगा झाला तर दादाचंच नाव. (मुलगी झाली तर तुम्हाला हवं ते ठेवा. मुलीच्या बाबतीत लोकशाही!) आईने डोळ्याला पदर लावला, त्यामुळे ठराव मंजूर. गंमत म्हणजे बाबांना स्वतःलाही त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. आणि आजी सासऱ्यांचं नाव कसं घेणार? म्हणून त्यांना घरात सगळे बापूच म्हणायचे. त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, ऑफिसात आणि लाइट बिलावर. आठवण राहावी म्हणून ठेवलेलं नाव, जे घरात कुणी उच्चारलंच नाही.

त्या दिवशी जेवताना बायको हळूच म्हणाली होती, "बाळाला त्याचं स्वतःचं नाव असलं तर?" आत्या हसली. आईने भाजी वाढली. मी ताटात बघत बसलो. बायको पुढे काही बोलली नाही, आणि सगळ्यांनी धरलं की तिची हरकत नाही.

आता पाचवा जखऱ्या. हा म्हातारा, बायको अलीशिबाही म्हातारी, मूल नाही. देवदूत येऊन सांगतो की मुलगा होईल, नाव योहान ठेव. याचा विश्वास बसत नाही, म्हणून मूल होईपर्यंत त्याची वाचा जाते. (कुराणातही ही गोष्ट आहे, झकरिया आणि याह्या यांची. तिथे त्याचं न बोलणं तीन दिवसांचं आहे.) आठव्या दिवशी नातेवाईक जमतात आणि बाळाला बापाचं नाव, जखऱ्या, ठेवायला निघतात. आई म्हणते, नाही, योहान. नातेवाईक म्हणतात, तुमच्या घराण्यात या नावाचं कुणी नाही. आणि तिला सोडून खुणा करून बापाला विचारतात, तुझं काय मत? तो पाटी मागतो आणि लिहितो की याचं नाव योहान आहे. तेव्हा कुठे मान्य होतं. आणि त्याची वाचा परत येते.

मी ते दोनदा वाचलं. नाव आईने आधीच सांगितलं होतं. ते चालण्यासाठी मुक्या नवऱ्याने फक्त पाटीवर लिहायचं होतं. माझ्याकडे तर वाचाही होती, पाटीही होती. आणि त्या दिवशी जेवताना आम्ही सगळ्यांनी तोच नियम लावला होता, माझा, तिकिटवाला. जागा रिकामी, म्हणजे जुळतंय.

मागच्या रविवारी बायकोला विचारलं, सरळ. ती बराच वेळ बोलली. तिचं म्हणणं साधं होतं. आईंनी बाळाला हाक मारताना प्रत्येक वेळी बापू आठवायचे का? आणि बाळाने आयुष्यभर दुसऱ्या कुणाची तरी जागा भरायची का? मग मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "बाळाचं नाव आम्ही दोघं ठरवू. बाबांचं ठेवणार नाही." आत्याने वाचलं, दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. (ही रिकामी जागा मी होकार धरलेली नाही. :))

रात्री आईचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. म्हणाली, "तुझ्या नावात मधे ते आहेत. बाळाच्या नावात मधे तू येशील. मग यांचं नाव कुठे राहिलं रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, खरंच नव्हतं. तिचा प्रश्न बरोबर आहे. मर्ज केलं तर एक माणूस पुसतो, आणि रेकॉर्ड पुढे नेलंच नाही तरीही पुसतो.

मग मला तिसरा जखऱ्या आठवला, संदेष्टा. बरेख्याचा मुलगा, इद्दोचा नातू. त्याचं नाव त्याचंच, पण आजोबा मागे उभे. एज्राच्या पुस्तकात तर मधला बाप गाळून त्याला सरळ इद्दोचा म्हटलंय. मी आईला म्हटलं, आजोबाचं नाव बाळाला नाही ठेवायचं, बाळाला सांगायचं. ते तुझं काम. आणि नाव घेऊन सांगायचं, 'हे' म्हणून नाही. ती हसली. म्हणाली, "उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही मी." मग थोडं थांबून फोनवरच तिने बाबांचं नाव घेतलं, पूर्ण. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

तसंही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आपल्याकडे बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. म्हणजे बायकोचंही नाव येणार. डेटावाला म्हणून सांगतो, कॉलम जितके जास्त तितकी घोळाची शक्यता कमी.

बायको उठली वाटतं. असो. नाव अजून ठरलेलं नाही, सुचवू नका. जखऱ्या मात्र नक्की नाही, आधीच तीसेक आहेत.