खोडलेलं बरोबर उत्तर

दहावीच्या गणित भाग १ चा सराव पेपर तपासताना मुरलेला शिक्षक आधी खाडाखोड पाहतो. वर्गसमीकरण सोडवायचंय; मुळांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७ यायला हवी. मुलीनं ३ आणि ४ लिहिलेत. बरोबर. पण त्यावर रेघ! खाली सूत्र वापरून पुन्हा तीच उत्तरं, त्यावरही रेघ. पुढचं पान कोरं.

तिला शेजारी बसवून विचारावं, ‘इथं खोडताना मनात काय आलं गं?’ उत्तरात गणित क्वचितच असतं. ‘सर, इतकं सोपं कसं असेल?’ ‘पुढच्या बाकावरच्यानं पुरवणी मागितली.’ ‘घरी गेल्यावर बाबा विचारतील, किती सुटले.’

रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन पदर वेगळे केले: छातीची धडधड, घाम हा एक आणि डोक्यात चाललेला विचारांचा घोर हा दुसरा. गुणांना जास्त बाधतो तो घोर. हातचा, चिन्ह, मागची पायरी हे सगळं डोक्यात ज्या जागी धरून ठेवायचं, तीच जागा तो अडवतो. म्हणून घाबरणारं मूल विचार करत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. ते एकाच वेळी पेपरही सोडवतं आणि स्वतःवर पहाराही ठेवतं. ‘घाबरू नकोस’ म्हटलं की पहारा आणखी कडक होतो.

झटपट इलाज मात्र जपून घ्यावेत. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढली की गुण वाढतात, असं जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. २०१८ मध्ये इतर संशोधकांनी त्यातला प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

शिक्षकाच्या हातात उरते ती सवय लावणं. सराव पेपरात शंका आली की खोडायचं नाही, समासात पेन्सिलीनं टिंब द्यायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. बोर्ड २०२३ पासून वाढीव दहा मिनिटं शेवटी देऊ लागलं. टिंबांकडे वळायचं ते तेव्हा. ३ आणि ४ समीकरणात घालून पाहायचे, शून्य आलं तर टिंब पुसायचं. न आलं तरच रेघ.