उत्तर नसलेले दालन

बंद दालनात शिरलेल्या गटाने तेथील पत्रे, वस्तू, आकडे आणि कुलपे यांचा परस्परसंबंध लावून ठरलेल्या वेळेत, बहुधा साठ मिनिटांत, बाहेर पडावयाचे, अशा खेळाला एस्केप रूम म्हणतात. २००७ मध्ये जपानमधील क्योतो येथे ताकाओ कातो यांनी त्याचा पाया घातला. त्याच्या खूनरहस्य या प्रकारात केवळ दार उघडून भागत नाही, तर कोणाचा मृत्यू कोणी, कसा आणि कशासाठी घडविला हेही सांगावे लागते. नवशिक्यांसाठी रचलेल्या दालनात कोडी एकामागून एक येतात, दिशाभूल करणाऱ्या खुणा मोजक्याच असतात आणि खेळावर नजर ठेवणारा गेममास्टर अडलेल्या गटाला वेळेवर सुगावा देतो.

या सोयींहून मोठा आधार असतो तो एका विश्वासाचा: उत्तर आधीच ठरलेले आहे आणि प्रत्येक कुलपाची किल्ली याच चार भिंतींत आहे. त्या विश्वासामुळे एरवी मागे राहणारी व्यक्तीही टेबलाचा खण उघडते, दुसऱ्याला सापडलेल्या चिठ्ठीशी आपली खूण जुळवून पाहते आणि आपला तर्क चुकला तर तो सोडून देण्यात कमीपणा मानत नाही. पुराव्यापुढे नम्र होण्याचा इतका आनंददायक पाठ क्वचितच मिळतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पावसाची ओढ सोसणाऱ्या पाबळ या गावी, एका मृत्यूचे रहस्य पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे आणि तेथे मात्र हा विश्वास कोणी देऊ शकत नाही. बुंदेलखंडाच्या छत्रसालाची कन्या मानली जाणारी मस्तानी येथे विसावली आहे. तिचे पती पेशवे थोरले बाजीराव निजामपुत्र नासिरजंगावरील मोहिमेत असताना तिला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले होते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच तीही गेली. तिने विष घेतले, हिऱ्याची अंगठी चोखली, दुःखाने प्राण सोडला, पतीच्या चितेत उडी घेतली, अशा अनेक कथा सांगितल्या जातात.

एस्केप रूममध्ये तयार झालेली नजर या कथांकडे वळवली, तर त्यांतील एक लगेच अडखळते: बाजीरावांचे दहन रावेरखेडीला झाले आणि मस्तानीची कबर शेकडो किलोमीटर दूर पाबळला आहे, त्यामुळे चितेची कथा या दोन स्थळांशी जुळत नाही. विष, अंगठी आणि दुःख यांना मात्र ही कबर दुजोरा देत नाही आणि त्यांचे खंडनही करत नाही. तिचा खून झाला असे म्हणण्यास तर कोणताही निर्णायक आधार नाही. नजरकैदेमुळे संशय निर्माण होतो, पण संशय हा पुरावा नव्हे. जिच्या आयुष्यावर इतरांनी इतके निर्णय लादले, तिच्या मृत्यूवरही सोयीचा निष्कर्ष लादणे हा आणखी एक अन्याय ठरेल.

याच पाबळमध्ये १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला आणि प्रत्यक्ष काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र ठेवले. संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविणारी कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, तेथे २००२ मध्ये सुरू झाली. ज्या गावात हाताने शिकण्याची अशी परंपरा आहे आणि इतके मोठे रहस्यही आहे, तेथील मुलांनी लाकडी पेट्या, आकड्यांची कुलपे आणि विजेची मंडले स्वतः बनवून नवशिक्यांसाठी एक दालन उभारावे, ही कल्पना मनाला फार भावते. त्यातील शेवटचे कुलूप खुन्याचे नाव सांगून उघडू नये. समोरची विधाने सिद्ध, संभवनीय आणि असंभव अशा तीन खणांत योग्य रीतीने लावली तरच ते उघडावे. मस्तानीच्या मृत्यूचे कारण त्या दालनातून बाहेर पडणाऱ्यालाही ठाऊक नसेल, परंतु आपल्याला नेमके किती ठाऊक आहे हे त्याला सांगता येईल, आणि इतिहासातील मृतांना न्याय देण्याची सुरुवात तेथूनच होते.