डब्यावरचा त्रिकोण

आईच्या गुडघ्यांसाठी तो डबा मीच आणला होता. दोन महिने ती रोज सकाळी त्यातली एक कॅप्सूल घेत होती. एका रविवारी तिने विचारलं, "अगं, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" लेबल मी प्रथमच नीट वाचायला घेतलं. समोरच ठळक इंग्रजीत छापलं होतं, औषधी वापरासाठी नाही.

मग हे आहे तरी काय? वर 'हेल्थ सप्लिमेंट' लिहिलं होतं. आरोग्यपूरक, म्हणजे जेवणाला जोड, एवढंच मला मराठीत सांगता आलं. शोधल्यावर कळलं, की कायद्याने हे अन्न आहे. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा त्याला लागू होतो, आणि अशा पदार्थांसाठी 2016 साली वेगळे नियम झाले. रोग बरा करतो असा दावा अन्नाला करता येत नाही. त्या डब्यावर तसा एक शब्दही नव्हता. "गुडघे बरे होतील" हे मी आईला सांगितलं होतं.

पुढे 14 आकड्यांचा एक क्रमांक दिसला. तो बॅच नंबर समजून मी औषधाच्या दुकानात विचारायला गेले. "ताई, हा अन्नाचा परवाना. बॅच नंबर खाली आहे," दुकानदार म्हणाले. मग त्यांनी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची एक पट्टी दाखवली. तिच्यावर तो क्रमांक नव्हता, कारण ती औषध म्हणून बनलेली होती आणि तिचा परवाना वेगळा होता. तेच जीवनसत्त्व कधी अन्न असतं, कधी औषध. इतकी वर्षं दोन्ही मी एकाच डब्यात ठेवत आले.

तक्त्यात 'आरडीए' आणि त्यापुढे टक्के होते. मला वाटलं, ही शुद्धता असावी. ती रोजची शिफारस केलेली मात्रा निघाली, म्हणजे दिवसाला लागतं त्यातलं किती यातून मिळतं, त्याचा हिशेब. आणि तो दोन कॅप्सूलचा होता. आई एकच घेत होती.

'लहान मुलांपासून दूर ठेवा', 'सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका', 'विविध आहाराला हा पर्याय नाही', सगळं नियमाप्रमाणे छापलेलं होतं, पण इंग्रजीत. नियमाला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. आई रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. घेणाऱ्या माणसाला वाचता येत नसेल, तर ते लेबल पूर्ण झालं असं मला वाटत नाही. निदान 'हे औषध नाही' एवढं तरी मराठीत हवं.

शेवटी कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह दिसलं, चौकोनात तपकिरी त्रिकोण. मांसाहाराची खूण म्हणजे तपकिरी ठिपका, एवढंच मला ठाऊक होतं. नव्या नियमांत ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला आहे. घटकांच्या यादीत कॅप्सूलच्या कवचापुढे जिलेटिन लिहिलं होतं. ते जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात.

आई माळकरी आहे.

संध्याकाळी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गळ्यातली माळ बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "तो त्रिकोण कसा असतो, मला काढून दाखव." कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी तपकिरी त्रिकोण काढला आणि शेजारी हिरवा ठिपका. तिने ते पान फाडून औषधांच्या डब्यात ठेवलं.