श्वास आणि घांस

सुधारणा एकटी कधींच येत नाहीं. घरांत नवी खुर्ची आली, कीं जुनें टेबल डोळ्यांत खुपूं लागतें. टेबल बदललें, कीं भिंतींचा रंग विटल्यासारखा भासतो. माणसांच्या संसारांतला हा नियम यंत्रांच्या संसारांतहि तितकाच कडक आहे, हें मला एका मोटारसायकलीनें शिकविलें.

माझ्या पुतण्याजवळ यामाहा आर-एक्स १०० आहे. ही गाडी भारतांत १९८५ पासून १९९६ पर्यंत तयार होत असे. इंजिन अवघें ९८ घनसेंटिमीटरचें. पण तिच्या चपळाईची कीर्ति तिच्यामागून जन्मलेल्या तरुणांपर्यंतहि पोंचली आहे. पुतण्यानें हौसेनें तिची मूळची हवेची पेटी काढून उघडा फिल्टर बसविला आणि मागें मोकळा सायलेन्सर लावला. कायदा आणि शेजारी या दोघांचीहि त्याला हरकत होती, तें असो. "काका, आतां ती मोकळा श्वास घेते," तो अभिमानानें म्हणाला. तें खोटें नव्हतें. पण श्वास वाढला, तर घांसहि वाढवावा लागतो, हें त्याच्या हिशेबांत नव्हतें.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून हवा वेगानें गेली, कीं तेथला दाब उतरतो आणि खालच्या वाटींतलें पेट्रोल बारीक भोंकाच्या पितळी तुकड्यांतून वर ओढलें जातें. हा तुकडा म्हणजे जेट. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. कारखान्यानें जेटचा आंकडा ठरविला, तो मूळची पेटी व मूळची नळी गृहीत धरून. तीं दोन्हीं गेलीं. हवा वाढली आणि पेट्रोल मागें राहिलें.

अशा मिश्रणाला कारागीर 'लीन' म्हणतात. मराठींतल्या लीनतेशीं या शब्दाचें कांहींच नातें नाहीं. ही लीनता भलतीच तापट असते. इंजिन प्रमाणाबाहेर तापतें, पिस्टन फुगतो व सिलिंडरला घट्ट धरून बसतो. भर वेगांत असें झालें, तर मागचें चाक जागच्या जागीं आंवळतें आणि स्वार रस्त्यावर फेंकला जाण्याचा संभव असतो. म्हणजे प्रश्न पितळी तुकड्याचा राहत नाहीं; तो माझ्या वहिनीच्या एकुलत्या एका मुलाचा होतो.

आमच्या पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रीकडे मी त्याला घेऊन गेलों. पुतण्यानें मूठ पिळून आवाज ऐकविला. मिस्त्रीनें तो शांतपणें ऐकून घेतला आणि प्लग खोलला. त्याचें टोंक पांढरेंफटक पडलें होतें. "आवाजाचं सोडा, हा काय म्हणतो तें बघा," एवढेंच तो म्हणाला.

मग त्यानें मुद्दाम फार मोठा मेन जेट बसविला. गाडी धूर ओकत अडखळूं लागली. तेथून एकेक नंबर तो खालीं उतरत गेला. लहानाकडून मोठ्याकडे कां नव्हे? कारण पेट्रोल जास्त झालें, तर प्लग काळवंडतो आणि खिसा हलका होतो. कमी झालें, तर पिस्टन जातो. जी चूक पुसतां येते, तिच्या बाजूनें आरंभ करावा, हा त्याचा दंडक. प्रत्येक खेपेस मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ उघडून धांवायचें, क्लच दाबून त्याच क्षणीं इंजिन बंद करायचें आणि प्लगचा रंग पाहायचा. अखेर बिस्किटासारखा तांबूस रंग आला.

पण मेन जेटचें राज्य मुठीच्या शेवटच्या चतुर्थांशापुरतें. मधल्या टप्प्यावर सुईची सत्ता. तिची क्लिप एक खांच खालीं सरकविली, कीं सुई वर उचलली जाऊन पेट्रोल वाढतें. आरंभाच्या टप्प्यावर पायलट जेट व हवेचा स्क्रू यांचें चालतें. शहरांतलें आयुष्य बहुतेक याच खालच्या दोन टप्प्यांत जातें, म्हणून मिस्त्रीनें दुपार त्यांच्यावरच घालविली. इतकें करूनहि हा हिशेब कायमचा नव्हे. महाबळेश्वरच्या विरळ हवेंत मुंबईला बरोबर बसलेली गाडी जड धांवूं लागते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसाच झाला. हवेपेट्रोलाचा मेळ आतां एक छोटा संगणक घालतो, आणि माणसापेक्षां अचूक घालतो. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पुतण्या मात्र आपल्या जुन्या गाडीचा प्लग अधूनमधून काढून उन्हांत धरतो. सायलेन्सरच्या गर्जनेबद्दल तो हल्लीं फारसा बोलत नाहीं, याचा वहिनींना आनंद वाटतो. मला आनंद वाटतो तो त्या तांबूस रंगाचा.