सरकार पवनार : वर्धा जिल्ह्याची दैनंदिनी

शनिवार, पवनार

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ किलोमीटरवर धाम नदीचा पूल येतो. येणारा पाहुणा बहुधा विनोबांच्या आश्रमाकडे वळतो, तासाभरात दर्शन आटोपून सेवाग्रामला जातो. मी आज मुद्दाम आधी गावात शिरले. पवनारचं गाव पाहिल्याशिवाय हा जिल्हा कळत नाही, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

वर्धा शहर तसं अलीकडचं. नागपूर जिल्ह्यातून हा मुलूख १८६२ साली वेगळा काढला, तेव्हा कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ मध्ये ती पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आली आणि तिथं आखीव रस्त्यांचं वर्धा वसलं. त्याच्या कितीतरी आधी इथला कारभार पवनारहून चाले. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, पवनारच्या नावाने नोंदलेलं आहे. अबुल फझलने किल्ल्याचं वर्णन केलंय, तेही नेमकं : उंचवट्यावरचा भक्कम किल्ला, तीन अंगांनी पाण्याने वेढलेला.

तो उंचवटा आजही पायाला कळतो. रस्ता सोडून गल्ली चढू लागलं की दम लागतो. खाली धामेच्या पात्रात काळा पत्थर उघडा पडलेला, दोन्ही तीरांना काळीभोर कपाशीची जमीन, आणि मध्ये ही गावाची पांढरी. माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी उभी राहिली, तशी ती उंच होत गेली. एका घराच्या पायात जुनी मोठाली वीट दिसली. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आजी म्हणाल्या, “कोनाकडं आले जी?” गाव पाहायला आले म्हटल्यावर त्यांनी पाट पुढे सरकवला. मग राजाची गोष्ट निघाली. पवन राजाकडे परीस होता. रयत साऱ्यात नांगराचे लोखंडी फाळ देई आणि राजा परिसाने त्यांचं सोनं करी. शेतसारा फाळाने भरायचा, ही कल्पना नांगर चालवणाऱ्यालाच सुचू शकते. आजींनी ती सासूकडून ऐकली होती.

या गोष्टीखाली खरोखरच एक राजधानी असल्याचं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत होतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन आधी नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, राज्य करी. त्याचे पहिले ताम्रपट तिथून दिलेले आहेत. त्यातले दोन याच जिल्ह्यात सापडले, हिंगणघाटकडचा जांबचा आणि आष्टीकडचा बेलोऱ्याचा. पुढच्या ताम्रपटांत मात्र नवं नाव येतं, प्रवरपूर. हे प्रवरपूर म्हणजे पवनार, असं मिराशींनी मांडलं. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूर तिकडे नेलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मला मिराशींचं म्हणणं जवळचं वाटतं. त्याचं कारण उद्या आश्रमात पाहायचं आहे.

१९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथं उत्खनन केलं. काळ्या-तांबड्या खापरांपासून सातवाहन आणि वाकाटक काळापर्यंतचे थर त्यांना लागले. बाकीच्या पांढरीवर घरं आहेत, चुली पेटतात, लेकरं खेळतात. त्यांना उठवून कुणी खणू नये. पण नवं घर बांधताना पाया खोदला जातो, तेव्हा निघालेलं खापर, नाणं, मूर्ती कुठे न्यायची हे गावातल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असायला हवं. गावातच दोन खोल्यांचं संग्रहालय असावं, असं मला मनापासून वाटतं.

रविवार, धामेचा काठ

आश्रम नदीपलीकडच्या टेकाडावर आहे. १९३८ साली विनोबा अगदी खंगलेल्या प्रकृतीने इथं आले, ते जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. डोक्यातली सगळी कामं बाजूला ठेवायची आणि अंगाला सोसेल तेवढं खणायचं, एवढाच त्यांचा नेम. खणता खणता जमिनीतून मूर्ती निघू लागल्या. त्या आज आश्रमातच आहेत, आणि मी सकाळचा बहुतेक वेळ त्यांच्यासमोरच काढला.

भरत-रामाच्या भेटीचं शिल्प विनोबांना फार प्रिय होतं. दगड झिजलेला आहे, पण दोघा भावांच्या अंगांची ठेवण अशी, की कोण कुणाकडे ओढला जातोय ते नाक-डोळे शोधत न बसताही उमगतं. रामकथेतले आणखीही पट्ट आहेत. गंगेची मूर्ती आहे. आता प्रवरसेनाकडे वळू. रामाने समुद्रावर सेतू बांधला त्या कथेवर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं महाकाव्य याच राजाच्या नावावर आहे. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. मुलगे लहान असताना तिने स्वतः राज्य सांभाळलं, आणि ती विष्णुभक्त होती. रामाची आस्था असलेलं घराणं, रामकथेचं काव्य, आणि धामेकाठी मातीखाली रामकथेची शिल्पं. इथं प्रवरसेनाने रामाचं देऊळ बांधलं असावं, हा मिराशींचा तर्क या दगडांसमोर उभं राहिल्यावर पटतो.

विनोबा १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले, ते याच पवनारात भाषण करून. मार्च १९५१ मध्ये इथूनच ते पायी तेलंगणाकडे निघाले आणि वाटेत पोचमपल्लीला भूदान जन्मलं. १९५९ मध्ये त्यांनी इथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांनी सामूहिकपणे चालवायचं. आजही इथल्या भगिनी शेतात राबतात, ‘मैत्री’ नावाचं मासिक काढतात, निर्णय सर्वसंमतीने घेतात. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक घराण्याच्या राज्याची धुरा एका बाईने वाहिली होती, हे दुपारी त्यांच्याबरोबर भाजी निवडताना सारखं मनात येत होतं.

नदीत गांधींची छत्री आहे. त्यांच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली इथं विसर्जित झाला, आणि दर १२ फेब्रुवारीला काठावर मेळा भरतो. पावसाळ्यात छत्रीभोवती पाण्याचा जोर असतो. सध्या दगडांवरून चालत जाता येतं.

सोमवार, केळझर

सेलूवरून केळझर. सरकार पवनारमधलाच हा एक महाल, म्हणजे परगणा. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि सिद्धिविनायकाचं देऊळ. महाभारतातली एकचक्रा नगरी हीच, भीमाने बकासुर मारला तो इथंच, असं गाव सांगतं. सोमवार असूनही दर्शनाला गर्दी होती. मी लवकर परतले, कारण उद्याचा पल्ला लांबचा.

मंगळवार, आष्टी

आर्वी, तळेगाव करत आष्टी. जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक सातपुड्याच्या पायथ्याशी टेकलेलं आहे. कपाशी विरळ होत गेली, संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, आणि रानात पांढऱ्या गवळाऊ गाई दिसू लागल्या. या जातीचे बैल चपळ. मराठा फौजांचं सामान त्यांनी डोंगरवाटांनी वाहिलं असं सांगतात.

पवनारचा धागा इथंही येतो. आष्टी, आमनेर, तळेगावबरोबर पवनारही जहांगीर बादशहाने मुहम्मदखान नियाझी या अफगाण सरदाराला जहागीर म्हणून दिलं. त्याने राहायला आष्टी निवडली, रान माजलेल्या मुलखात पुन्हा माणसं आणून शेती उभी केली. तो १६२७ मध्ये वारला. त्याच्या कबरीवरचा मकबरा मोगल घाटणीचा आहे, आणि शेजारीच १६५१ मध्ये वारलेल्या अहमदखानाचा, तसाच पण लहान. एवढ्या आडगावात असं काम पाहून मी बराच वेळ नुसती फिरत राहिले. आग्र्याच्या वास्तूंसाठी आपण रात्रभर प्रवास करतो, आणि वर्धेकरांतले कितीतरी जण इथं एकदाही आलेले नसतात. शाळांच्या सहली इथं यायला हव्यात.

गाव मात्र स्वतःला ओळखतं ते १९४२ वरून. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, सत्याग्रही पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. गोळीबारात गावची माणसं पडली, लोक खवळले, ठाणं पेटलं आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चांदा जिल्ह्यातलं चिमूरही उठलं. वर्धा नदीपलीकडे मोझरीला राहणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा सारा पट्टा आधीच जागा केला होता. सरकारने महिना संपायच्या आत त्यांना अटक केली. चिमूरच्या बायकांवरील अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना सुनावलेली फाशी टळावी म्हणून काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांनी जीव तोडून धडपड केली, आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

हुतात्म्यांच्या स्मारकापाशी एक काका भेटले. नागपंचमीला इथं स्मरण होतं, तेव्हा या, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. ज्यांच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं, त्या घरांत हा सण कसा होतो असं मी विचारलं. “वारुळाले जातो, मंग इकडं येतो,” ते म्हणाले.

उद्या समुद्रपूर तालुक्यातलं गिरड. शेख फरीदबाबांची टेकडी, आणि तिच्यावर पसरलेले ते गोल दगड, ज्यांना लोक व्यापाऱ्यांचे दगड झालेले नारळ मानतात.