कार्बोरेटर पूर्ववत करावा, सुधारू नये

चि. निखिल,

तुझं सीडी हंड्रेडबद्दलचं पत्र वाचलं. गाडी आयडलवर टिकत नाही, पिकअप घेताना अडखळते, आणि गॅरेजवाल्याने दोन उपाय सुचवलेत: एकतर कार्बोरेटरच नवा टाका, नाहीतर जेट थोडा मोठा करून एअर स्क्रू फिरवून बघू. माझं मत विचारतोस, तर दोन्ही करू नकोस. जुना कार्बोरेटर सुधारायचा नसतो, तो कारखान्यातून निघाला त्या मापांवर परत आणायचा असतो. सेटिंग त्यानंतर येतं आणि ते फार थोडं असतं. ही गाडी 1985 साली आली तेव्हा तिची जाहिरात सांगायची, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की कार्बोरेटर उघडला जातो तो गाडी बंद पडल्यावरच, आणि मग घाईघाईत हाताला लागेल तो स्क्रू पिळला जातो.

मापांचा एवढा आग्रह का, ते आकड्यांनी सांगतो. आयडलला पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटचं भोक 0.35 मिलिमीटरचं आहे असं धर. ते तुंबलं की क्लच केबलची एक तार सोडवून त्यात घालायची आणि पुढेमागे करायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. जेट पितळेचा, तार पोलादी. भोक 0.40 झालं तर वाढ पाच शतांश मिलिमीटरची, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण पेट्रोल जातं ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ वाढलं तीस टक्क्यांनी. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेव. समुद्रकाठच्या मुंबईहून साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला गेलं की हवेची घनता साधारण बारा टक्क्यांनी कमी होते आणि त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण सहा-सात टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. एवढा फरक गाडी कुरकुर न करता सोसते, म्हणून तर पाचगणीच्या घाटात थांबून कुणी जेट बदलत नाही. घाट जे करत नाही त्याच्या चौपट-पाचपट बिघाड एक तार दोन मिनिटांत करते, आणि नंतर एअर स्क्रू कितीही फिरवला तरी तो भरून निघत नाही, कारण त्या स्क्रूची धावच तेवढी नाही.

यावर गॅरेजवाला म्हणेल, आमच्या कानाला कळतं. कळतं, यात वाद नाही. मुरलेल्या मेकॅनिकचा कान आयडल जितकं नेमकं लावतो तितकं तुला टॅकोमीटर लावूनही कदाचित जमणार नाही. पण कान ऐकतो ते उभ्या गाडीचं, आणि उभ्या गाडीत फक्त स्लो जेटचा मार्ग काम करत असतो. थ्रॉटल जरा उघडला की हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडच्या तळाचा तिरपा काप मिश्रण ठरवू लागतो, पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये स्लाइडला लटकलेली निमुळती नीडल, आणि त्यापुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत मिसळतात, तरी दोष कुठला ते शोधायला पुरेसे वेगळे आहेत. मुठीवर एक चिकटपट्टी लाव, त्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर आणि मोकळ्या रस्त्यावर एकेका खुणेवर गाडी धरून बघ. अडखळणं पावच्या आत असेल तर मेन जेटला हात लावणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. आणि सगळ्या खुणांवर सारखंच असेल, तर जेट बहुधा निर्दोष आहेत. टॅपेट, प्लग, तुंबलेला एअर फिल्टर हे आधी बघ.

उघडायचा कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. पेट्रोल कॉक बंद कर, कार्बोरेटरच्या तळाच्या बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घे. तळाशी पाण्याचा थेंब किंवा तांबूस गाळ दिसला तर दोष टाकीत आहे आणि कार्बोरेटर कितीही धुतलास तरी महिन्याभरात पुन्हा तेच होणार. बाऊलचे स्क्रू जपानी खाचेचे असतात. साधा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही आणि डोकं खातो. नीट बसणारं टोक मिळेपर्यंत हात लावू नकोस. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेऊन किती फेरे झाले ते लिहून ठेव. जोर दिलास तर त्याचं टोक बसकं होतं आणि ज्या बैठकीत ते शिरतं तीही फाकते. जेट क्लीनरच्या फवाऱ्याने आणि हवेने साफ कर, फार तर ब्रशचा नायलॉनचा केस घाल. मग तो उजेडाकडे धर: भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. फ्लोटची पिन, म्हणजे पेट्रोल अडवणारा छोटा व्हॉल्व्ह, भिंगाखाली बघ. टोकाच्या उतारावर गोल चरा पडला असेल तर ती गेली. ती गळली की बाऊलमधली पातळी वाढते आणि मग प्रत्येक टप्पाच रिच होतो. शेवटी कार्बोरेटरचं इंजिनाकडचं तोंड काचेवर ठेवून बघ. नट आवळून आवळून ते मधून वाकतं, तिथून चोरहवा शिरते आणि आयडल कधीच लागत नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं आणि नवी ओ-रिंग घातली की काम झालं. तुझ्या गाडीचा आजार हाच निघाला तर मला नवल वाटणार नाही.

आता नव्या कार्बोरेटरचं. तो स्वस्त मिळतो आणि अर्ध्या तासात बसतो, हे खरं. पण बाजारातल्या नकली मालात बाहेरचा आकार सारखा असतो, आतले मार्ग आणि जेट त्याच मापाचे असतील याची खात्री कोण देणार? रिपेअर किटचंही तेच. गॅस्केट आणि ओ-रिंग वापर, जेट मात्र तुझे जुनेच बसव. जेटवरचा आकडा जुळला म्हणूनही फसू नकोस. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा सहसा भोकाचा व्यास सांगतो, मिकुनी कंपनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोलचा प्रवाह सांगतो. मित्राच्या आरएक्स हंड्रेडमधला त्याच नंबरचा जेट तुझ्या जेटचा भाऊ नव्हे. एका बाबतीत गॅरेजवाल्याचं मान्य करावंच लागेल: स्लाइड आणि तिचा मार्ग झिजून ती खडखडत असेल, तर जुनं धरून बसण्यात अर्थ नाही. मग अस्सल कार्बोरेटर शोध, पैसे जास्त गेले तरी.

ॲव्हरेजसाठी एअर स्क्रू आवळून घेणारे तर गल्लोगल्ली भेटतील. तो स्क्रू चालत्या गाडीच्या पेट्रोलवर जवळपास काहीच परिणाम करत नाही. घासणारा ब्रेक आणि कमी हवेचं टायर त्याहून जास्त पेट्रोल पितात.

माझ्या सल्ल्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तुझ्या पत्रात नव्हता, पण तो घेतलाच पाहिजे. गाडी ज्या पेट्रोलसाठी बनली ते पेट्रोलच आता मिळत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. म्हणजे जुन्याच जेटवर गाडी आठेक टक्के लीन चालते, पेट्रोल कमी पडतं. मग पूर्ववत कशाला करायचं? कारण हे आठ टक्के मोजता येतात, पण तार घातलेल्या जेटवर ते मोजायला आधार उरत नाही. आधी मूळ मापांवर ये. त्यानंतरही चढाला गाडी दमली, तापली, तर नीडलला खाचा असल्यास क्लिप एक खाच खाली घे, म्हणजे नीडल वर उचलली जाईल, किंवा मेन जेट एकच नंबर मोठा घे. त्यापलीकडे नको. इथेनॉलचा खरा जाच रबराला आणि उभ्या गाडीला होतो: जुन्या ओ-रिंगा फुगतात, पाणी शोषलं जातं, बाऊलमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते. गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेव.

जोडणी झाल्यावर इंजिन चांगलं गरम होऊ दे, आयडल थोडं वाढव आणि एअर स्क्रू सावकाश फिरवत आवाज सर्वांत भरीव होतो ती जागा पकड. मग आयडल खाली आण आणि पुन्हा एकदा तेच कर. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर आवळल्याने मिश्रण रिच होतं, इंजिनाकडच्या बाजूला असेल तर लीन. हे आधी बघून घे, नाहीतर उलट्या दिशेला जाशील.

एप्रिल 2020 पासून बहुतेक नव्या मोटरसायकलींना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. अस्सल जेट आणि स्लाइड यापुढे दुर्मिळच होत जाणार. तेव्हा गॅरेजमध्ये काम करून घेतलंस तरी काढलेला प्रत्येक सुटा भाग मागून घे, आणि मेकॅनिकच्या हातात तार दिसली की सरळ नाही म्हण.

तुझा,
मामा