फुंकणी

आमच्या घरात दम्याचं कारण ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवून टाकलेलं होतं. आजीचा राग दह्यावर. थोरले चुलते शिरूरच्या घोड नदीवरून पहाटे येणाऱ्या गार वाऱ्याला दोष देत. दौंडचे मामा रेल्वेत; त्यांना इंजिनाच्या धुराचा संशय होता, पण घर त्याच धुरावर चालायचं, म्हणून ते फार बोलत नसत. आम्हा चुलत-आते-मामेभावंडांना केळं, पेरू, ताक, बर्फाचा गोळा ही वर्ज्य वस्तूंची यादी पाढ्यांसारखी पाठ होती. मग तीत गाजरगवताची भर पडली. १९५०च्या दशकाच्या मध्याला हे गवत पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत भरलं आणि बघता बघता आमच्या बांधापर्यंत आलं. चूल मात्र कुणाच्याच यादीत नव्हती.

खरं तर तिचा धूर घरात सगळ्यांच्या आधी उठायचा. बाभळीचं सरपण, तुराट्या, पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या. बाजरीच्या भाकरीला जाळ नेटका लागतो, म्हणून चुलत्या फुंकणीनं फुंकत राहायच्या. एकीचा दम संपला की दुसरी बसायची. धुराची तक्रार असायची ती डोळ्यांची. ‘डोळ्याला लागतोय गं’ म्हणून पदरानं डोळे पुसायचे आणि पुढची भाकरी थापायची. छातीचं कुणी काढलंच नाही. उलट धुरानं आढ्याच्या लाकडाला कीड लागत नाही, असं धुराचं कौतुकच व्हायचं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत गोवऱ्यांऐवजी कोळशाची शेगडी. संध्याकाळी सगळ्या चाळीच्या शेगड्या एकदम दारात पेटायच्या आणि धग धरली की आत जायच्या.

आणि ज्याला धाप लागायची, त्याच्यावर इलाज कसला? धुराचाच! निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. धोत्र्याची वाळलेली पानं विडीसारखी ओढणारे एक म्हातारबुवा आमच्या आळीत होते. आम्ही त्यांना हसायचो, पण हा उपाय मद्रासेकडून १८०२च्या सुमारास इंग्लंडला पोचला आणि पुढं शंभरेक वर्षं तिकडचे लोक दम्याच्या सिगारेटी ओढत राहिले. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिनच्या जातीची द्रव्यं असतात, त्यांनी श्वासनलिका सैलावतात; आजची इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही औषधं त्याच कुळातली. अडुळशाचंही तसंच. परसातल्या त्या झुडपाच्या वासिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं. म्हणजे आजीचा बटवा अगदीच पोकळ नव्हता. मात्रा किती द्यायची आणि घरात कोंडलेल्या धुराचं काय करायचं, एवढं त्यात नव्हतं.

हैदराबादचं माशाचं औषध हे आमच्या पिढीचं समाईक स्वप्न. मृग लागला की बत्तिनी कुटुंब पिवळ्या लगद्यानं भरलेला छोटा जिवंत मासा फुकट गिळायला देतं. १८४५ पासून ही परंपरा चालत आल्याचं त्यांचं सांगणं. शाकाहाऱ्यांना तेच गुळातून. दौंड जंक्शन सोलापूर-वाडी मार्गावर असल्यानं दौंडकरांना हैदराबाद तसं दारातच, त्यात रेल्वेचा पास. शिरूरकडच्या नातेवाइकांची अडचण वेगळी. मृग म्हणजे पेरणीची घाई, तेव्हा रान सोडून मासा गिळायला कोण जाणार? त्यामुळं आमच्याकडं मासा गिळलेले सगळे दौंडचे, आणि ‘आपण गेलो असतो तर बरे झालो असतो’ म्हणणारे सगळे शिरूरचे. गिळून आलेले बरे झाले का? काहींना दोन-तीन महिने आराम पडल्यासारखं वाटलं. पण दमा स्वतःच्या चालीनं चढतो-उतरतो, आणि जून गेला की पराग, धूळ, हवा सगळंच पालटतं. श्रेय माशाला जायचं.

श्वासातून औषध ओढायच्या पंपाची मात्र घरात दहशत होती. ‘सवय लागते’, ‘शेवटचा इलाज आहे तो’. लग्नाच्या मुलीचा पंप तर पाहुणे येण्याआधी कपाटात जायचा. म्हणून सगळे डेरिफायलीनच्या गोळ्यांवर आणि डॉक्टरांच्या सुईवर. हिशेब असा, की पंपातल्याच साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम; पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात. हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीत उतरतो. ज्याला आम्ही जालीम समजलो तोच चाळिसाव्या हिश्शाचा होता. त्यातही साल्ब्युटामॉल नुसती नळी उघडतं. आतली सूज उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं, आणि ते १९७२ पासून जगात मिळत होतं. दम्यावरच्या ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं २०१९ साली मोठ्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असं स्पष्ट सांगितलं. आजही जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, आणि दम्यानं होणारे मृत्यू मात्र जगाच्या ४० टक्क्यांहून अधिक. त्या दहशतीची ही किंमत आहे, असं मला वाटतं.

चुलीचा पत्ता शेवटी लागला तो आमच्याच जिल्ह्यात. आमच्या तालुक्यातलं संभाजीमहाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक सगळ्यांना ठाऊक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथं शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांची घरोघर नोंद ठेवली जाते: जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. संशोधनाला लागते ती ही अशी चिवट वहीच. आणि धुराचा माग काढणारेही जवळचेच: पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी आयुष्यात कधी तंबाखू ओढलेली नसते, जगात विडी-सिगारेट ओढणारे शंभर कोटी, तर चुलीचा धूर पिणारे तीनशे कोटी.

आमच्या घरात सगळंच ‘दमा’. खरं तर दम्यात सुजलेली नळी औषधानं बऱ्याच अंशी पुन्हा मोकळी होते. सीओपीडीत ती पुरती मोकळी होत नाही, दिवसेंदिवस आणखी अरुंदच होत जाते. विडीला हात न लावलेल्या थोरल्या चुलतीला पन्नाशीनंतर लागलेला ‘दमा’ बहुधा हा दुसराच होता. तिला दही सोडायला लावलं होतं. पुढं पुण्यात नळीत फुंकून फुफ्फुसांची तपासणी झाली, तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, ‘आजी, जोरात फुंका.’ ती म्हणाली, ‘आरं बाबा, जन्मभर तेच केलंय.’

एक कोडं मात्र राहिलंच. गोठ्याला लागून झोपणाऱ्या आमच्या शिरूरच्या पोरांत बाळदमा कमी, दौंडच्या क्वार्टरांतल्या पोरांत जास्त. चार पोरांवरून शास्त्र होत नाही, हे खरं. पण १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या मुलांबद्दल असंच काही मांडलं, की घरात मोठी भावंडं जितकी जास्त तितका परागज्वर कमी. पुढं आल्प्समधल्या गोठ्यांजवळ वाढलेल्या मुलांतही दमा कमी दिसला. म्हणजे त्याच घरातलं शेण गोठ्यात असताना पोराला सांभाळत असावं आणि चुलीत गेल्यावर आईला छळत असावं.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर आमच्या गावातल्या बहुतेक घरांत गॅस आला. भाकरी आता त्यावर होते. अंघोळीच्या पाण्याला मात्र चूलच, कारण टाकी महाग आणि पाचट फुकट. धाकटी चुलती घरासमोर चूल घालते, वारा पाहून तोंड फिरवते. पंप तिच्या नातवाचा. तो ओसरीवर सगळ्यांसमोर स्पेसरची नळी लावून ओढतो, आणि पाहुणे आले तरी कुणी कपाट उघडत नाही. दौंडचा मामेभाऊ मात्र अजून म्हणतो, यंदा मृगात सुट्टी मिळाली तर हैदराबादला जाऊन येऊ.